टाळ्या वाजवून झाल्या, आता हिशेब करू

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देश गॅलरीत, गच्चीवर आणि खिडकीत येऊन उभा राहिला. टाळ्या झाल्या, थाळ्या बडवल्या गेल्या, शंख फुंकले गेले. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्यसभेत सरकारला विचारलं गेलं की कोविडच्या कामात किती डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या बाधित झाल्या, किती दगावल्या. उत्तर आलं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असा आकडा केंद्राच्या पातळीवर ठेवलेला नाही. डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या ३८२ मृत सदस्यांची यादी तेव्हा स्वतःच जाहीर केली. ती संघटना मोठी आहे, तिचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो. परिचारिकांसाठी तेवढा मोठा आवाज कुणी काढला नाही.

मेलेल्यांची मोजदाद नाही, तर जगून आजारी पडलेल्यांची कोण करणार? हा लेख त्यांच्याबद्दल आहे. कोविडच्या वॉर्डात काम केलेल्या अनेक परिचारिका अजून त्या वॉर्डातून बाहेर आलेल्या नाहीत. शरीराने त्या घरी आल्या, डोक्याने तिथेच आहेत. या आजाराला नाव आहे, उपचार आहेत. त्याची कारणंही ठाऊक आहेत, आणि त्यातली बरीचशी विषाणूने नव्हे तर माणसांनी तयार केली आहेत. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परिचारिकांचा हा मानसिक आघात ही कामावर झालेली इजा आहे. कारखान्यात मशिनमध्ये हात सापडला तर जो न्याय कामगाराला लागतो, तोच इथे लागला पाहिजे. त्याऐवजी आपण त्यांना ‘देवदूत’ म्हटलं. देवदूताला पगारवाढ लागत नाही, रजा लागत नाही, आणि तो आजारीही पडत नाही, ही त्या शब्दाची मोठीच सोय आहे.

आजार म्हणजे नेमकं काय

पीटीएसडी, म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. नुसती उदासी किंवा थकवा म्हणजे पीटीएसडी नव्हे. त्याची लक्षणं ठरलेली आहेत. घडून गेलेली गोष्ट आठवत नाही तर पुन्हा घडते, जागेपणी किंवा झोपेत. तिची आठवण देणारी जागा, आवाज, वास, माणूस टाळला जातो. मनात अपराधीपणा, राग, सुन्नपणा घर करतो. आणि शरीर कायम दक्ष राहतं. झोप नाही, जरा आवाज झाला की दचकणं, लहानसहान गोष्टींवर संताप. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं येऊ लागलं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

माझी एक मावसबहीण परिचारिका आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. नाव आणि रुग्णालय सांगत नाही, तिला अजून नोकरी करायची आहे. दोन्ही लाटांत ती कोविडच्या अतिदक्षता विभागात होती. आज तिला भेटलात तर काहीही कळणार नाही. हसते, ईदला सगळ्यांना पुरेल एवढा शीरखुर्मा करते, पोरांचा अभ्यास घेते. फक्त घरातला मायक्रोवेव्ह तिने माळ्यावर टाकलाय. काम संपल्यावर तो जो टीं-टीं वाजतो ना, तो तिला सहन होत नाही. आणि व्हिडिओ कॉल आला की ती फोन पालथा ठेवते. का, ते तिने एकदाच सांगितलं. नातेवाइकांना वॉर्डात यायला बंदी होती, म्हणून शेवटच्या घटकेला पेशंटच्या तोंडासमोर फोन धरायचं काम सिस्टरकडे होतं. हातमोज्यातून फोन निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरायचा. पलीकडून कुणाची तरी मुलगी रडत असायची आणि मागे दुसऱ्या बेडचा अलार्म वाजत असायचा. “फोन ठेवू की तिकडे जाऊ, एवढंच डोक्यात असायचं,” ती म्हणाली. अजूनही तेवढंच असतं.

आपाने अद्याप कुणा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलेलं नाही. तिला वाटतं, वेळ मिळाला की होईल कमी. रुग्णालयात कळलं तर ‘हिला आता आयसीयू झेपत नाही’ असा शिक्का बसेल, ही भीती वेगळीच.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

मी इंजिनिअर माणूस, आकडा दिसला की तो कसा मोजला ते आधी विचारतो. २०२० च्या जून-जुलैमध्ये इंग्लंडमधल्या अतिदक्षता विभागांतल्या ७०९ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यातल्या जवळपास ४० टक्के लोकांची उत्तरं पीटीएसडीच्या निकषात बसत होती. १३ टक्के लोकांनी सांगितलं की मरून गेलो तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात. डॉक्टरांपेक्षा परिचारिकांची अवस्था वाईट होती.

यावर आक्षेप येतो की प्रश्नावली भरून घेतली की आकडा फुगतो. आक्षेप खरा आहे. प्रश्नावली शक्यता सांगते, निदान करत नाही. पुढे इंग्लंडमध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रीतसर मुलाखती घेऊन तपासणी झाली तेव्हा पीटीएसडीचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आलं. ठीक, हाच आकडा धरू. एखाद्या कारखान्यात शंभरातल्या आठ कामगारांना एकाच खात्यात काम केल्यामुळे एकच आजार झाला, तर ते खातं बंद करून चौकशी लागेल. रुग्णालयात तो कामाचा भाग समजला जातो.

२०२० च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने जाहीर केलं की ४४ देशांतून कळलेला परिचारिकांच्या मृत्यूंचा आकडा दीड हजारावर गेला आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धात जेवढ्या परिचारिका गेल्या तेवढा. मे २०२१ पर्यंत जगभर ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा अंदाजच इतका ऐसपैस आहे, कारण अनेक देशांनी मोजलंच नाही. ज्या देशाने मृत्यू मोजले नाहीत, त्याने झोपेतून किंचाळत उठणाऱ्या परिचारिका मोजल्या असतील अशी अपेक्षा कशी करायची?

विषाणूने केलं की व्यवस्थेने?

महामारी नैसर्गिक होती, मग दोष कुणाला द्यायचा, असं विचारलं जातं. याचं उत्तर टोरांटोने कोविडच्या खूप आधी देऊन ठेवलंय. २००३ मध्ये तिथे सार्स आला. कॅनडात ४४ माणसं गेली, त्यांत ऑन्टॅरिओ प्रांतातल्या दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होता. साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी संशोधकांनी सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतले कर्मचारी आणि तसे रुग्ण न आलेल्या रुग्णालयांतले कर्मचारी यांची तुलना केली. सार्स हाताळलेल्यांत आघाताचा ताण, थकून जाणं, मानसिक त्रास हे सगळं जास्त होतं. दीड-दोन वर्षांनीसुद्धा. आणि ज्यांना पुरेसं प्रशिक्षण, पुरेसं संरक्षण आणि वरिष्ठांचा आधार मिळाला होता, त्यांना त्रास कमी झाला होता. विषाणू दोघांसाठी एकच होता, फरक व्यवस्थेत होता.

आता आपल्याकडची व्यवस्था बघा. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत की अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, शिकवणी रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयात पाचांमागे एक. शिवाय रजा धरून ३० टक्के जादा माणसं. सरकारी रुग्णालयात कधी रात्री राहिला असाल तर हे निकष वाचून हसू येईल. महामारी यायच्या आधीच एक सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळत होती. म्हणजे साथ आली तेव्हा व्यवस्थेत शिल्लक काहीच नव्हतं. जे कमी पडलं ते परिचारिकेच्या अंगातून काढलं गेलं.

एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित निघाले आणि रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावं लागलं. मे महिन्यात शीवच्या महापालिका रुग्णालयातली चित्रफीत देशाने पाहिली, रुग्णांच्या शेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मृतदेह. आपण तो व्हिडिओ अर्धा मिनिट पाहिला आणि पुढे सरकवला. अशा वॉर्डात काही बायका बारा-बारा तास काम करत होत्या, त्यांना पुढे सरकवायला काही नव्हतं. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांच्या शेकडो परिचारिका राजीनामे देऊन घरी परतल्या. त्यांना पळपुट्या म्हणणारेही निघाले. त्या सांगत होत्या की किट नाहीत, पगाराचा भरवसा नाही, आणि रस्त्यावर लोक आम्हाला ‘कोरोना’ म्हणून हाका मारतात.

मे २०२१ मध्ये दुसरी लाट शिगेला असताना केंद्राने ठरवलं की नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनाही कोविडच्या कामावर घ्यावं, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. शंभर दिवस भरले की पंतप्रधानांच्या नावाचा सन्मान आणि सरकारी भरतीत प्राधान्य. एकवीस-बावीस वर्षांची पोरगी. जिने अजून परीक्षा दिलेली नाही, तिला माणसं ऑक्सिजनवाचून जाताना बघायला उभं केलं. शंभर दिवसांनंतर तिच्या डोक्याचं काय झालं, हे बघायला कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या आघाताचा एक पदर फक्त भीतीचा नाही. काय करायला हवं ते परिचारिकेला ठाऊक असतं, ते करायला हात दोनच असतात, आणि माणूस डोळ्यांदेखत जातो. तज्ज्ञ याला नैतिक इजा म्हणतात. सैनिकांबद्दल हा शब्द आधी वापरला गेला. इथे गंमत अशी की माणसं कमी ठेवण्याचा निर्णय घेणारा मंत्रालयात किंवा व्यवस्थापनाच्या केबिनमध्ये बसतो, आणि अपराधीपणा मात्र वॉर्डातली सिस्टर घेऊन घरी जाते.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. सर्व्हरवरचा भार ठरलेल्या पातळीच्या वर गेला की आपोआप इशारा वाजतो, कारण पूर्ण क्षमतेने कायम चालणारं यंत्र कोसळतं हे आम्ही गृहीत धरतो. रात्री बंद पडलं तर ज्याची पाळी असेल तो उठतो, म्हणून पाळ्या लावलेल्या असतात. आणि नंतर बैठक होते. चांगल्या कंपनीत त्या बैठकीचा पहिला नियम असा की ‘कुणाचं चुकलं’ हे विचारायचं नाही, ‘व्यवस्थेत काय होतं म्हणून हे घडलं’ हे विचारायचं. लोकांचं ऑनलाइन बिर्याणीचं बिल अडकलं तरी एवढा सोपस्कार होतो. लाखो माणसं गेली, हजारो रुग्णालयं कोलमडली, आणि देशाने परिचारिकांना बसवून ही एक बैठक घेतलेली नाही.

त्यांना काय मिळालं

मिळालं ते मांडू. मार्च २०२० मध्ये ५० लाखांचा विमा जाहीर झाला, पण तो मृत्यूचा. जी जगली आणि मोडली, तिला त्यातून एक रुपया नाही. एप्रिल २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वटहुकूम आला, चांगलंच झालं. मग हेल्पलाइन आल्या. आज १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चालू आहे, गरज वाटली तर तो जरूर लावा. पण बारा तासांची ड्युटी करून, लोकलने घरी पोचून, पोरांचं जेवण करून झोप न येणाऱ्या बाईला फोन नंबर देणं आणि रजा देणं यात फरक आहे. रुग्णालयांनी योगाची सत्रं घेतली, ‘सकारात्मक विचार’ यावर व्याख्यानं ठेवली. ती व्याख्यानंसुद्धा ड्युटी संपल्यावर, म्हणजे झोपेच्या वेळात.

साथ ओसरली तशी कोविड केंद्रं गुंडाळली गेली आणि कंत्राटी परिचारिकांची कामं संपली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांना संपावर जावं लागलं, मुद्दा होता भरती बाहेरच्या कंपन्यांकडून कंत्राटावर करण्याचा. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर पाकळ्या टाकल्या, त्यांच्या जागा कायम ठेवायला तिजोरी तयार नव्हती. खासगीत तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहानात लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २० हजार द्यावेत आणि २०० खाटांच्या वर सरकारी वेतनाइतकं वेतन द्यावं, असं सुचवलं होतं. तुमच्या ओळखीच्या एखाद्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला तिचा पगार विचारा, मग ही शिफारस कुठे आहे ते कळेल.

आता कायदा. कामगार नुकसानभरपाईचा आपला जुना कायदा १९२३ चा होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी होती, आणि रुग्णसेवेच्या कामातून झालेला संसर्ग त्या यादीत पहिल्याच नोंदीत होता. म्हणजे परिचारिकेला वॉर्डात क्षयरोग झाला तर तो कामाचा आजार, हे इंग्रजांच्या काळातल्या कायद्याची चौकटसुद्धा मान्य करत होती. पण त्याच वॉर्डात तिचं मन मोडलं तर तो तिचा खासगी प्रश्न. पीटीएसडी त्या यादीत नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मात्र पीटीएसडी नावानिशी आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने २०१६ पासून कायदाच लागू केला की कामगाराला कामावर आघात झाला आणि पीटीएसडीचं निदान झालं, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर मालकाने सिद्ध करावं. सार्समध्ये पोळलेल्या ऑन्टॅरिओने २०१८ मध्ये असंच संरक्षण रुग्णसेवेतल्या परिचारिकांना दिलं. तिथल्या सार्स आयोगाचा धडा साधा होता, धोका आहे याची शास्त्रीय खात्री पटेपर्यंत थांबू नका, माणसांना आधी वाचवा.

हे हक्क कुणी आपण होऊन दिले नाहीत. पीटीएसडी हे नावच १९८० मध्ये मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत आलं ते व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर. त्या युद्धात गेलेल्या बायकांत बहुतांश परिचारिका होत्या, आणि त्यांना ‘तुम्ही कुठे लढलात?’ असं विचारलं जात होतं. लिंडा व्हॅन डेव्हंटर या परिचारिकेने १९८३ मध्ये आपली कहाणी पुस्तकातून मांडली तेव्हा त्यावर वादही झाले. वॉशिंग्टनमध्ये त्या बायकांचं स्मारक उभं राहायला १९९३ उजाडलं. आजाराला नाव मिळालं ते मागितल्यावर.

‘सगळ्यांनीच सोसलं’

या विषयावर बोललं की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात.

पहिलं, सगळ्यांनीच सोसलं. हो. माझ्याही घरात माणूस गेलं. पण मी लॉकडाउनमध्ये खोलीत बसून लॅपटॉपवर काम केलं. एका पाळीत चार मृतदेह बांधून पुन्हा पाचव्याला सलाइन लावायला गेलो नाही. दुःख सगळ्यांना झालं म्हणून इजा सगळ्यांची सारखी होत नाही.

दुसरं, हे काम त्यांनी स्वतः निवडलं. खाणीतला कामगारही काम स्वतःच निवडतो. म्हणून छत कोसळल्यावर आपण त्याला ‘तूच आलास ना’ म्हणत नाही. परिचारिकेने रुग्णसेवा निवडली. एकटीने पंधरा गंभीर रुग्ण सांभाळणं, कचऱ्याच्या पिशव्या अंगावर बांधून किट म्हणणं, हे तिने निवडलं नव्हतं.

तिसरं, आता साथ संपली, जुनं कशाला उकरता? टोरांटोचा अभ्यास पुन्हा आठवा. आघाताची घड्याळं बातम्यांच्या घड्याळाप्रमाणे चालत नाहीत. आणि पुढची साथ येईल तेव्हा वॉर्डात उभं राहायला याच बायका लागणार आहेत. मोडलेल्या माणसांवर दुसऱ्यांदा तोच भार टाकायचा, की आधी त्यांना उभं करायचं, हा प्रश्न आजचा आहे.

आपल्या उंबऱ्याच्या आत

हा मासिकाचा वाचक बहुतेक तरुण मुसलमान आहे, म्हणून दोन गोष्टी आपसातल्या.

एक. ‘रोग पसरवणारे’ हा शिक्का काय असतो, ते आपल्याला सांगायला नको. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलीगी जमातीच्या निमित्ताने अख्ख्या समाजाला विषाणू ठरवलं गेलं. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच महिन्यांत परिचारिकांना घरमालक खोली रिकामी करायला सांगत होते, सोसायटीच्या गेटवर अडवत होते. मुसलमान परिचारिकेच्या वाट्याला तर दोन्ही शिक्के आले, कपाळावर एक आणि ओळखपत्रावर दुसरा. आपल्याला त्या वेदनेची भाषा येते. मग परिचारिकांच्या मागण्यांच्या मोर्चात आपण का दिसत नाही?

दोन. घरात कुणाचं मन आजारी पडलं की आपल्याकडे आधी ‘नजर लागली’, मग ‘असर आहे’, मग तावीज, मग एखादा दर्गा, आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. त्यावरून आपण काही शिकलो का? श्रद्धेने धीर मिळतो, मिळू द्या. दुआ करणाऱ्याला कुणी अडवलेलं नाही. पण मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो आणि दुआही करतो, मग मोडलेल्या मनालाच फक्त ‘सब्र कर’ का? आणि हा सब्रचा सल्ला घरातल्या पुरुषाला क्वचितच मिळतो. तो मिळतो आपाला, जी ड्युटीवरून येते, दहा माणसांचा स्वयंपाक करते, आणि वर ‘हल्ली फार चिडचिड करतेस’ हे ऐकून घेते.

तिच्याशी कसं वागायचं, हे अवघड नाही. ‘विसरून जा’ म्हणू नका. काय पाहिलंस ते सांगच, असा आग्रहही धरू नका. बोलली तर मधे न तोडता ऐका. झोप नसेल, दचकत असेल, मरणाबद्दल बोलत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. या आजारावर परिणामकारक उपचार आहेत, आघातावर नेमकं काम करणारी मानसोपचाराची सत्रं आहेत, बरी झालेली माणसं आहेत. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच जागा द्यावी लागते. विमा कंपनी नाही म्हणाली तर कलम २१ दाखवा.

मागायचं काय

मागण्या मोजक्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात.

पीटीएसडी व्यावसायिक आजारांच्या यादीत घ्या, आणि रुग्णसेवेतल्या परिचारिकेला तो झाला तर कामामुळे झाला असं धरून चाला. सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर नको.

कोविडच्या वॉर्डात काम केलेल्या प्रत्येक परिचारिकेची तपासणी करा, कायम असो, कंत्राटी असो की तेव्हा विद्यार्थिनी असो. नाव गुप्त ठेवून, तिच्या रुग्णालयाबाहेरच्या तज्ज्ञांकडून, आणि ड्युटीच्या वेळेत.

उपचारासाठी पगारी रजा द्या. ती सेवापुस्तकात ‘मानसिक कारण’ म्हणून नोंदवून पुढे बढतीच्या वेळी वापरायची नाही.

रुग्ण आणि परिचारिका यांचं प्रमाण कायद्याने बंधनकारक करा, ते दर महिन्याला वॉर्डाच्या दारावर लावा, आणि कायम कामाला कंत्राट बंद करा. बाकी सगळं मिळालं आणि हे मिळालं नाही, तर आपण जखमेवर पट्टी बांधून माणसाला पुन्हा त्याच मशिनवर पाठवू.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात संगणक आहे, माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते ठाऊक आहे. तुमच्या शहरातल्या महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाबद्दल चार प्रश्न विचारा. परिचारिकांची मंजूर पदं किती? भरलेली किती? त्यांतली कंत्राटी किती? २०२० पासून किती परिचारिकांना मानसोपचारासाठी रजा किंवा मदत दिली? फी दहा रुपये. उत्तर आलं की ते परिचारिकांच्या संघटनेकडे घेऊन जा, वर्तमानपत्राकडे जा, नगरसेवकाच्या दारात उभे राहा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘निरंक’ येण्याचीच शक्यता जास्त आहे. ते ‘निरंक’ लेखी हातात असणं ही पहिली पायरी, कारण आजवर त्यांनी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही असं सांगून वेळ मारून नेली आहे.

टाळ्या फुकट होत्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. हिशेबाला खर्च येतो. तो द्यायची वेळ आली आहे.